कंचनीचा महाल आणि आमच्या वाड्याची किल्ली

गेल्या दिवाळीत गावी गेलो, तर आमच्या वाड्याच्या माडीवर एक अनोळखी माणूस टेप घेऊन खांब मोजत होता. एकेका खांबावर खडूने आकडा टाकत होता. मला वाटलं, काकांनी दुरुस्तीसाठी कुणी इंजिनिअर आणलाय. चहा घेताना कळलं की तो जुन्या वाड्यांचं लाकूड विकत घेणारा व्यापारी आहे. खांब, तुळया, चौकटी, नक्षीची दारं... सगळं मिळून सव्वातीन लाख द्यायला तयार होता. दगड-माती आमची आम्हाला.

आता खरं सांगतो. त्याच्या महिनाभर आधी बाणेरला टीम डिनरला गेलो होतो. तिथे अगदी अशाच एका खांबाला टेकून मी भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि वर "काय मस्त अँबियन्स आहे" असंही म्हणालो. तो खांब कुणाच्या तरी माडीवरून उतरवलेला असणार, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

मी काकांना म्हटलं, "नका ना विकू."

काका म्हणाले, "हे पाय, तो मानूस पैसे देऊन माल नेतो म्हनते. तू काय देतं? दिवाईले येनं अन् फोटो काढनं, यानं भिताडं उभे राह्यत नाहीत."

मुद्दा बरोबर होता. पुण्यात टू-बीएचकेचा हप्ता भरणारा माणूस गावच्या वाड्याबद्दल गळा काढतो तेव्हा गावातल्या माणसाला ते कसं दिसत असेल, याची कल्पना आहे मला. पण त्या क्षणी तोंडातून निघून गेलं, "आपण इथे कलाकारांना राहायला बोलवू."

सगळे हसले. बाबासुद्धा.

त्या हसण्याला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार महिने वीकेंडला वाचतोय, फोन करतोय, दोनदा गावी जाऊन आलो. आता थोडं उत्तर आहे. पूर्ण नाही, पण थोडं आहे.

आधी गावाबद्दल. आमचं गाव मेहकर तालुक्यातलं, जिल्हा बुलडाणा. पुण्यात सांगितलं की लोक म्हणतात, "अच्छा, लोणार!" किंवा "अच्छा, शेगाव!" हल्ली "अच्छा, समृद्धी!" असंही म्हणतात. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला, जून २०२५ मध्ये मुंबईकडचा शेवटचा टप्पाही झाला. ७०१ किलोमीटरचा रस्ता आमच्या तालुक्यातून जातो आणि त्यावरून लोक ताशी १२०च्या वेगाने आम्हाला ओलांडून जातात. असो.

मेहकरला एक पडकी वास्तू आहे, कंचनीचा महाल. लहानपणी आजीकडून तिची गोष्ट ऐकली नाही असं आमच्याकडे पोर नसेल. कंचनी म्हणजे नाचणारी. म्हणतात की तिने महाल बांधायला घेतला, तो इतका उंच की वरून लोणारच्या कमळजादेवीचा दिवा दिसावा. देवीला ते आवडलं नाही. देवी कोपली आणि कंचनीचा दगड झाला.

इंजिनिअरिंगला असताना आम्ही मित्रांनी एकदा यावर चर्चा केली होती. लोणार मेहकरपासून वीस-पंचवीस किलोमीटर. शिवाय देवीचं देऊळ काठावर नाही, ते विवरात खाली, पाण्याजवळ आहे. विवर साधारण १८०० मीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल. म्हणजे तिरक्या रेषेत विवराच्या तळाशी नजर पोचवायची तर महाल किती उंच हवा? आकडा हास्यास्पद आला. कंचनीच्या क्लायंट मीटिंगला कुणी आर्किटेक्ट हजर नव्हता, असा निष्कर्ष काढून आम्ही चहा प्यायलो :)

आता तीच गोष्ट आठवते तेव्हा वेगळीच वाटते. आख्ख्या जिल्ह्यात एका कलावंताने स्वतःसाठी घर बांधल्याची हीच एक गोष्ट मला लहानपणापासून माहीत आहे. तिचं नाचणं गावाला चालत होतं. तिने उंच घर बांधलेलं मात्र चाललं नाही.

या महालावर कविता लिहिणारे कवी ना. घ. देशपांडे आमच्याच भागातले. १९०९ मध्ये सेंदुरजनला जन्म, मेहकरला वकिली. त्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला गायली आणि ग्रामोफोनवरून महाराष्ट्रभर पोचली. मराठी भावगीताची सुरुवात सांगताना तिचं नाव घेतलं जातं. १९८६ मध्ये ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २००० मध्ये ते गेले. आयुष्यभर मेहकरात राहून हा माणूस कविता लिहीत राहिला. म्हणजे "इथे कोण येणार, इथे काय आहे?" असं कुणी म्हटलं की मी ना. घं.चं नाव घेतो. इथे राहून होतं. झालेलं आहे.

तर, आर्टिस्ट रेसिडेन्सी म्हणजे काय? साधी कल्पना आहे. चित्रकार, गायक, लेखक, नाटकवाला, कुणीही असो, त्याला काही आठवडे राहायला खोली, जेवायला अन्न आणि काम करायला जागा द्यायची. बदल्यात त्याने काम करायचं आणि जाताना गावाला काहीतरी द्यायचं. जगात हे जुनं आहे. रोमच्या टेकडीवरचा व्हिला मेदिची हा सोळाव्या शतकातला वाडा. १८०३ पासून तिथे फ्रान्सची अकादमी आहे आणि फ्रेंच कलाकार तिथे राहून काम करतात. आपल्याकडे कोचीला पेपर हाउस नावाची मिऱ्यांची जुनी वखार आहे, तिथेही कलाकार राहून काम करतात.

हे सगळं मी काकांना सांगितलं असतं तर काका म्हणाले असते, रोमचं रोमला. म्हणून मी त्यांना मेहकरचीच धर्मशाळा सांगितली. पैनगंगेच्या काठच्या या गावात दगडी खांबांची एक जुनी हेमाडपंती धर्मशाळा आहे. वाटसरूने यावं, टेकावं, पुढे जावं, यासाठी कुणीतरी एवढा दगड घडवला. अनोळखी माणसाला काही दिवस छप्पर देणं ही आमच्या तालुक्यासाठी फॉरेनची आयडिया नाही. आणि ती चालवायची कशी हेही जिल्ह्याला शिकवायला नको. शेगावचं भक्तनिवास पाहिलेला माणूस स्वच्छ खोली, माफक पैसे आणि सेवेकऱ्यांची शिस्त यावर लेक्चर देऊ शकतो. धर्मशाळा, फक्त काम करणाऱ्यांसाठी. काका यावर हसले नाहीत. "हं" म्हणाले. आमच्याकडे "हं" म्हणजे अर्धं अप्रूव्हल.

पण कोणत्या इमारतीची धर्मशाळा करायची? माझं पहिलं स्वप्न कंचनीच्या महालाचंच होतं. कंचनीच्या महालात कलाकार राहतायत, याहून भारी पीपीटी कुठली? दोन दिवसांत ते स्वप्न सोडलं. पडक्या वास्तूत माणसं राहायची म्हणजे छप्पर, पाइप, वायरिंग, संडास. हे सगळं त्या दगडांत घुसवायचं म्हणजे महाल वाचवण्याच्या नावाखाली नवीन महाल बांधणं.

शिवाय कायदा. केंद्राचा स्मारकांचा कायदा १९५८चा आहे आणि राज्याचा स्वतंत्र कायदा १९६०चा. केंद्र-संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय बैठक, मेजवानी, करमणुकीचे कार्यक्रम करता येत नाहीत, आणि आवारात स्वयंपाकालाही मनाई आहे. २०१०च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. मला आधी हे जाचक वाटलं. नंतर वाटलं, बरंच आहे. काही इमारती राहण्यासाठी नसतात, त्या जपण्यासाठी असतात. त्यांना शांतपणे उभं राहू द्यावं.

जपायच्या इमारती तरी जपल्या जातात का? सिंदखेडराजाचं बघा. १५९८ मध्ये जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजीराव जाधवांचा राजवाडा तिथे आहे. दर १२ जानेवारीला तिथे मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. २०२४ मध्ये लखुजीरावांच्या समाधीच्या जतनाचं काम चालू असताना पुरातत्त्व खात्याला तिथे जमिनीखाली जुन्या देवळाचा पाया आणि शेषशायी विष्णूची भलीमोठी मूर्ती सापडली. देशभर बातम्या झाल्या. चांगलंच झालं. पण याचा अर्थ असाही होतो, की इमारतीकडे लक्ष जायला एक तर जिजाऊंचं नाव लागतं, नाहीतर जमिनीखालून विष्णू निघावा लागतो. आमच्या वाड्याखालून फार तर उंदीर निघतील.

राज्य सरकारची एक योजना आहे, महाराष्ट्र वैभव, २००७ची. राज्य-संरक्षित स्मारक एखाद्या संस्थेने ठरावीक वर्षं सांभाळायला घ्यायचं. २०१४ मध्ये नळदुर्ग किल्ला असाच सोलापूरच्या एका कंपनीने घेतला होता. पण ही योजना स्मारकांसाठी. खेड्यापाड्यांतले शेकडो वाडे, गढ्या, जुन्या जिनिंग फॅक्टऱ्या, धान्याची कोठारं कुठल्याच यादीत नाहीत. त्यांच्यासाठी कायदा नाही, योजना नाही. त्यांच्यासाठी फक्त टेप घेतलेला माणूस आहे.

आणि माझं म्हणणं आहे की राहण्याचा प्रयोग करायचा तर तो नेमका याच इमारतींत करावा.

याचं कारण हा वाडा पडतोय कसा, ते समजल्यावर कळतं. मला वाटायचं वाडा म्हातारा झाला म्हणून पडतोय. शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला घेऊन गेलो. त्याने तासभर हिंडून जे सांगितलं, ते आमच्या कुठल्याही आर्किटेक्चर रिव्ह्यूपेक्षा स्वच्छ होतं.

आमच्या माडीवर माळवद आहे. म्हणजे सागवानी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी नवीन टाकून दाबावी लागते. बारा वर्षं ती कुणी टाकलेली नाही. मातीत भेग पडली, भेगेतून पाणी तुळईत गेलं, तुळईचं टोक भिंतीत असतं ते आधी कुजलं, टोक बसलं की भिंतीवर भार तिरका येतो, भिंत फुगते. पूर्वी खाली चूल पेटायची, धूर वर जायचा, लाकूड कोरडं राहायचं, वाळवीला ते मानवायचं नाही. चूल बंद झाली. दारं बंद राहिली, हवा थांबली, ओल राहिली.

मग आम्ही शहाणपणा केला. आठ वर्षांपूर्वी पैसे जमवून मागच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलं. मिस्त्रीने त्याच्यावर बोटाने टकटक केलं, पोकळ आवाज आला. माती आणि चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. त्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि एक दिवस प्लास्टर भिंतीचा तुकडा घेऊनच खाली येतं. तिथे चुनाच हवा होता. भिजवून मुरवलेला, घाणीत मळलेला, जुने लोक त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालत तसा. म्हणजे वाड्याचं सगळ्यात जास्त नुकसान आम्ही ज्या वर्षी त्याच्यावर सगळ्यात जास्त खर्च केला, त्याच वर्षी झालं!

आपल्या धंद्यातल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. जुनी सिस्टीम जुनी झाली म्हणून बंद पडत नाही. तिच्यावर लक्ष ठेवणारा माणूस सोडून गेला म्हणून पडते, आणि मग कुणीतरी नवीन तिला न समजून घेता पॅच मारतो. वाडा दरवर्षी थोडा थोडा दुरुस्त व्हावा लागतो, आणि ते काम तिथे राहणारा माणूसच करतो, कारण गळतं तेव्हा त्याच्या अंथरुणावर गळतं.

म्हणून संग्रहालय नको, स्मारक नको, "हेरिटेज कॅफे" तर नकोच. वाड्यात माणसं राहायला हवीत. आम्ही राहणार नाही, हे आता कबूल करू. मग दुसरं कोण?

महाराष्ट्रात याचं उत्तर देणारी दोन उदाहरणं मला सापडली, दोन्ही सिंधुदुर्गातली. पहिलं सावंतवाडीचं. तिथल्या राजवाड्याचं वय अडीचशे वर्षांच्या आसपास. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, त्यात दशावतारी गंजिफा १२० पानांची. १९७०च्या सुमारास ती रंगवणारे हात जवळजवळ संपले होते. शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी ही कला पुन्हा उभी करायचं ठरवलं. सत्वशीलादेवी स्वतः शिकल्या, इतरांना शिकवलं, आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसून रंगवायला लागले. जिथे दरबार भरायचा तिथे चटईवर रंगाच्या वाट्या. शिवरामराजे १९९५ मध्ये गेले, सत्वशीलादेवी २०१८ मध्ये, पण काम थांबलं नाही. पुढच्या पिढीने राजवाड्याच्या एका भागात हॉटेलही सुरू केलंय.

दुसरं उदाहरण त्याहून मला जवळचं वाटतं. कुडाळजवळचं पिंगुळी. ठाकर समाजातले चित्रकथीकार परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये घरच्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय सुरू केलं. चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या. लोक येतात, बघतात, शिकतात, खेळ होतो. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. दरबार हॉल नव्हता, गोठा होता. पण तो ज्यांची कला त्यांच्याच हातात होता.

या दोन्हींतला फरक मी बराच वेळ घोळवत होतो. सावंतवाडीत मालकाने दार उघडलं. पिंगुळीत कलाकारच मालक होता. आमच्याकडे वाडा एकाचा आणि कला दुसऱ्याची. आणि इथे माझ्या सुंदर कल्पनेला पहिली खरी अडचण आली, जी पैशाची नव्हती.

आमच्याकडे लग्नानंतर गोंधळ घालतात. मोठ्या दादाच्या लग्नाचा गोंधळ मला आठवतो. रात्रभर चौकात संबळ वाजत होती, दिवटी जळत होती, गोंधळी जांभूळ आख्यान सांगत होता. आम्ही पोरं माडीच्या कठड्यावरून खाली बघत होतो. इतकं भारी नाटक मी नंतर पुण्यात तिकीट काढूनही क्वचित पाहिलं. सकाळी गोंधळ्याची पंगत ढाळजेत बसली. पत्रावळीवर. मी आजीला विचारलं होतं, ते वर का नाही जेवत? आजी म्हणाली, "वर कशाले?" विषय संपला. मला वाटतं, त्या माडीच्या सगळ्या आयुष्यात एकही कलाकार तिच्यावर चढलेला नाही. तिच्याखाली मात्र पिढ्यान् पिढ्या गायला.

त्या गोंधळ्याचा नातू आता मेहकरला मालवाहू पिकअप चालवतो आणि बोलावलं तर संबळ वाजवतो. पहिला कलाकार तोच, असं मी मनाशी ठरवून त्याला भेटलो. सहा आठवडे वाड्यात राहा, आजोबांची आख्यानं आठवतील तेवढी रेकॉर्ड करू, दोन पोरांना संबळ शिकव, गाडीचा रोज बुडेल तेवढे पैसे मी देईन. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, गायले बोलवा, येतो. राहायले बोलवता त' आधी तुमच्या घरच्यायले इचारा."

घरी विचारलं. कुणी नाही म्हणालं नाही. बाबा गप्प बसले. काकू म्हणाली, "येऊ दे न. भांडे येगळे ठेवू."

काकू वाईट बाई नाही. ताप आला तर गल्लीतल्या कुणाच्याही पोराला उशाशी घेऊन बसेल. पण त्या एका वाक्यात माझी सगळी रेसिडेन्सी गळून पडली. कारण तो वाडा निव्वळ सागवान आणि चुना नाही. कोण ओट्यापर्यंत, कोण ढाळजेपर्यंत, कोण चौकापर्यंत आणि कोण माडीवर, याचा तो दगडात बांधलेला नकाशा आहे. तालुक्यात तांडे आहेत, तिथे होळीला लेंगी म्हणतात, बाया आरशांचं भरतकाम करतात. भीमगीतं गाणारे लोक आहेत, भजनी मंडळं आहेत. यांतल्या निम्म्या लोकांना आमच्या वाड्याची आठवण काही फारशी गोड नसेल. "आपला वारसा" म्हणताना हा आपण कोण, हे मी तोवर विचारलंच नव्हतं.

मग वाडा पडू द्यावा का? एका मित्राचं तेच मत आहे. गावावर सत्ता गाजवणारी इमारत पडली तर रडायचं कशाला, म्हणतो. मुद्दा नाकारता येत नाही. पण वाडा पडला म्हणून तो नकाशा पडत नाही, तो काकूच्या भांड्यांत शिल्लक राहतो. आणि लाकूड बाणेरला जाऊन माझ्यासारख्यांच्या पाठीला टेकण्यापेक्षा, ज्या माडीवर चढायची मुभा नव्हती तिथे गोंधळ्याचा नातू उशी टाकून झोपला, तर तो त्या इमारतीचा जास्त चांगला उपयोग आहे. मुंबई-पुण्याच्या चित्रकारांना "रूरल एक्स्पिरियन्स" म्हणून आणून बसवायचं आणि गावाने पुन्हा चौकातून वर बघायचं, असं होणार असेल, तर त्यापेक्षा व्यापारी बरा. तो निदान ढोंग करत नाही.

त्यामुळे मी घरी तीन अटी लिहून पाठवल्या. (होय, ईमेल केली. बाबांनी प्रिंट काढून काकांना दिली.)

एक. एका वेळी दोनच कलाकार. त्यातला एक तालुक्यातला, आणि आधी तो ठरणार, मग बाहेरचा. स्वयंपाकघर एक, भांडी एक, राहायचं माडीवर.

दोन. वाड्यात बारमाही राहणारं एक कुटुंब हवं, पगारावर. बाहेरचे कलाकार दिवाळी ते होळी येतील. मे महिन्याच्या उन्हात कुणी येणार नाही आणि जुलैच्या चिखलात तर नाहीच. पण वाड्याला माणूस सगळ्यात जास्त लागतो तो नेमका मे ते सप्टेंबर. तेव्हा माती टाकायची असते, पन्हळी साफ करायच्या असतात, गळती पकडायची असते. कलाकार हे निमित्त, वाडा वाचवणार ते कुटुंबच.

तीन. सिमेंट नाही.

पैशाचं काय, असं तुम्ही विचाराल. आधी एक पायरी त्याच्याही अलीकडची. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर अजून आजोबांचं नाव आहे आणि वारस नऊ. नऊ जणांच्या सह्या घ्यायच्या तर त्यातली एक आत्या सुरतला, एक चुलतभाऊ दुबईला. त्यानंतर ट्रस्ट करून वाडा त्याला लीव्ह अँड लायसन्सवर द्यायचा. (अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असा आपल्यातल्या अनेकांचा समज असतो. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने तोही नोंदवावाच लागतो.) पूर्ण वाडा दुरुस्त करण्याची ऐपत आमच्यात कुणाची नाही. माडीच्या दोन खोल्या, त्यांच्यावरचं माळवद, एक नहाणी आणि संडास, एवढंच पहिल्या वर्षी. बाकीचा वाडा फक्त पडू द्यायचा नाही. मी, माझी बहीण आणि दोन चुलतभाऊ मिळून महिन्याला जे टाकू शकतो, त्यात त्या कुटुंबाचा पगार निघतो. आमच्यापैकी प्रत्येकाचं कुठलं ना कुठलं ऑनलाइन सबस्क्रिप्शन त्यासाठी बंद झालं, एवढाच त्याग. कलाकारांचं मानधन अजून निघत नाही. त्याचा रस्ता शोधतोय.

हे फसू शकतं का? अगदी सहज. दुबईचा भाऊ सही देणार नाही, किंवा सगळं होऊन पहिल्या पावसात मागची भिंत बसेल. सावंतवाडीच्या मागे राजघराणं होतं, पिंगुळीच्या मागे एका समाजाने जपलेली परंपरा होती. आमच्या मागे एक एक्सेल शीट आहे.

पण तुमच्यापैकीही बऱ्याच जणांच्या गावी असा एक बंद वाडा, एक पडकी गढी, आजोबांचं कुलूप लावलेलं घर असेल. त्याचे फोटो टाकून हळहळण्यापेक्षा दोनच गोष्टी करा, असं माझं म्हणणं आहे. पुढच्या वेळी गेलात की मिस्त्रीला घेऊन तासभर हिंडा. आणि घरच्यांना विचारा, की इथे कोण राहिलेलं आपल्याला चालेल? पहिल्या प्रश्नाचं उत्तर इमारतीबद्दल मिळेल. दुसऱ्याचं आपल्याबद्दल.

व्यापारी आखाजीपर्यंत थांबायला तयार आहे. काकांनी त्याला अजून नाही म्हटलेलं नाही, पण उचलही घेतलेली नाही. सात सह्या झाल्या आहेत. काकूने भांड्यांच्या विषयावर नंतर काही म्हटलं नाही, आणि मीही उकरलं नाही. पण मागच्या आठवड्यात फोनवर तिने स्वतःहून विचारलं, "तो पोरगा संबळ वाजवते तो, त्याले तिखट चालते का?"

एप्रिलच्या शेवटी आठ दिवस सुट्टी टाकली आहे. पांढऱ्या मातीच्या दोन ट्रॉल्या सांगून ठेवल्या आहेत. खांबांवर खडूचे आकडे अजून तसेच आहेत. आणि हो, बुलडाणा, अकोला किंवा जालना भागात चुन्याची घाणी चालवणारं अजून कुणी असेल, तर मला नक्की कळवा.